अनुग्रह आणि अधिकार

(प्रस्तावना)

मावळच्या पूर्व अंगाला, तळेगाव-चाकण रस्त्यापासून फारशा दूर नसलेल्या सुदुंबरे या गावाची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे ती तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक संत संताजी जगनाडे महाराज यांच्या समाधीमुळे. आणि अलीकडच्या पिढीला तेच गाव ठाऊक झाले आहे ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनच्या तळामुळे. एका बाजूस लिहून ठेवण्याचे माहात्म्य आणि दुसऱ्या बाजूस वेळेवर धावून जाण्याची तयारी, अशी ही दोन स्थाने एकाच शिवारात यावीत हा केवळ योगायोग आहे, आणि त्याला यापेक्षा अधिक अर्थ चिकटविण्याची माझी इच्छा नाही. तथापि ज्या विषयावरील ग्रंथाची ही प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे, त्या विषयाला, म्हणजे दैनंदिन जीवनातील अपघात, त्यांपासूनचे संरक्षण आणि इजा झालेल्या माणसाचा कायदेशीर हक्क यांना, या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज लागते, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे.

या गावापासून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल एवढ्या टापूत आधुनिक अपघाताचे बहुतेक सर्व प्रकार नांदत आहेत. पूर्वेस चाकणची कारखानदारी आहे, पश्चिमेस तळेगावची. जुना मुंबई-पुणे रस्ता आहे आणि 2002 साली पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग आहे. घोरावाडी, तळेगाव, कामशेत, मळवली अशी स्थानके घेत जाणारी लोणावळा लोकल आहे. पवनेचे पाणी आहे, आणि 2024 च्या जूनअखेर एका कुटुंबातील पाच जणांना वाहून नेणारा भुशी धरणाजवळचा धबधबाही आहे. शेतात मळणी यंत्र आणि कडबाकुट्टी, बांधावर लोंबकळणारी विजेची तार, आणि वस्तीला लागून कोणत्या परवान्याखाली चालते हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसलेली एखादी पत्र्याची शेड. 2023 च्या डिसेंबरात तळवडे येथे केकवर लावावयाच्या फुलबाज्या बनविणाऱ्या अशाच एका जागेला आग लागून तेथे राबणाऱ्या स्त्रियांचा बळी गेला. त्याच्या दोन वर्षे आधी, 2021 च्या जूनमध्ये, मुळशीतील उरवडे येथील कारखान्याच्या आगीत सतरा कामगार मरण पावले आणि त्यांत पंधरा स्त्रिया होत्या.

अशा प्रसंगी आपल्या समाजाच्या तोंडून निघणारी भाषा ठरलेली आहे. वाचलेल्याविषयी आपण म्हणतो की काळ आला होता पण वेळ आली नव्हती, आणि न वाचलेल्याविषयी म्हणतो की नशिबाची दोरी तेवढीच होती. दुःखाच्या घरी सांत्वनासाठी उच्चारलेल्या या वाक्यांची मी थट्टा करणार नाही, कारण ज्या घरातून कर्ता माणूस गेला तेथे दुसऱ्या दिवशी कलमे वाचून दाखविणारा मनुष्य सहृदय तर नव्हेच, माणूसही म्हणवणार नाही. परंतु हीच भाषा जेव्हा कारखानदाराच्या, कंत्राटदाराच्या आणि सरकारी कचेरीच्या तोंडी येते, तेव्हा ती सांत्वन राहत नाही. ती जबाबदारीशी फारकत होते. अपघातग्रस्ताला जे मिळावयाचे ते कोणाच्या तरी कृपेने मिळावे, की मागून, मोजून, पावती घेऊन हक्काने मिळावे, हा या क्षेत्रातील मूळ झगडा आहे. आणि त्याचा इतिहास हाच, माझ्या मते, या सबंध विषयाचा इतिहास होय.

तो इतिहास समजतात तितका परका नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताविषयी जो विचार आढळतो तो आजच्या न्यायाधिकरणातील वकिलालाही चमकावून टाकील असा आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक निखळले, अथवा हाकणाऱ्याने बाजूला होण्यासाठी ओरडून सूचना दिली असेल, तर दंड नाही. परंतु हाकणाऱ्याच्या अकुशलतेमुळे गाडी वाट सोडून गेली तर दंड गाडीच्या स्वाम्याला. हाकणारा कुशल असूनही चुकला तर दंड त्याला स्वतःला. आणि अडाणी सारथ्याच्या गाडीत जे बसले त्या सर्वांनाही प्रत्येकी दंड. यांत्रिक बिघाडाचा बचाव, मालकाची प्रातिनिधिक जबाबदारी आणि प्रवाशाचा सहभागी दोष ही तिन्ही तत्त्वे येथे बीजरूपाने आहेत. उणीव एकच, आणि ती मोठी: दंड राजाकडे जमा व्हावयाचा, आणि जखमीच्या उपजीविकेचा प्रश्न त्याच्या भाऊबंदांवर सोडलेला. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी म्हणून इनाम किंवा नेमणूक मिळे. ती उदार पद्धत होती, परंतु ती धन्याची मेहेरबानी होती, तीवर दिवाणी फिर्याद होत नसे.

इंग्रजी अमदानीत जो बदल झाला त्याची तारीख आणि आगगाडीची तारीख या फार जवळजवळच्या आहेत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि 1855 साली, त्या वर्षाचा तेरावा कायदा म्हणून, प्राणघातक अपघातांचा कायदा हिंदुस्थानात जारी झाला. तत्पूर्वीच्या इंग्रजी रूढ कायद्यात एक विचित्र न्याय होता, तो असा की एखाद्याचा पाय मोडला तर तो दावा लावू शके, परंतु तो मेलाच तर दावाही त्याच्याबरोबर मरे. त्यामुळे माणूस जखमी करण्यापेक्षा तो मारणे स्वस्त पडे. विलायतेत 1846 साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा होऊन ही विसंगती दूर झाली, आणि 1855 च्या आपल्या कायद्याने मृताची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना भरपाईचा अधिकार दिला. पुढल्याच वर्षी बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले. 1863 साली तो घाट खुला होईपर्यंत अपघाताने, पटकीने आणि तापाने हजारो मजूर तेथे मेले. त्यांच्या वारसांनी हा नवा कायदा उघडून पाहिला असेल अशी कल्पनाही करवत नाही. कायदा अस्तित्वात असणे आणि तो माणसाच्या हाती असणे यांतील अंतर खंडाळ्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ही जाणीव कामगारांच्या बाजूने प्रथम ज्यांनी मांडली त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी येते. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या नेतृत्वाखाली ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना आठवते, कारण ती 1890 साली पदरात पडली. परंतु त्याच यादीत आणखी एक मागणी होती, की कामावर जबर जखम झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची तरतूद व्हावी. ही मागणी कायद्यात उतरावयास 1923 साल उजाडले. त्या वर्षीच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक क्रांतिकारक गोष्ट केली, ती म्हणजे मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली. इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली एवढे दाखविले की पुरे. विसाव्या शतकातील या क्षेत्रातील बहुतेक सुधारणा म्हणजे याच एका कल्पनेचा कारखान्याच्या फाटकाबाहेर झालेला विस्तार आहे.

सरकार नावाच्या मालकापर्यंत मात्र हा विस्तार सहजासहजी पोहोचला नाही. कलकत्त्याच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या हातून लोखंड पडून एका कंपनीच्या बग्गीचा घोडा जखमी झाला, आणि त्या घोड्याच्या निमित्ताने 1861 साली न्यायालयाने सरकारची सार्वभौम कृत्ये आणि व्यापारी कृत्ये असा जो भेद केला, तो पुढे शंभर वर्षे नागरिकांच्या वाटेत आडवा पडून राहिला. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जीपखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या विधवेला राजस्थान सरकारकडून भरपाई देवविली, तेव्हा हा अडसर दूर झाल्यासारखे वाटले. परंतु 1965 च्या कस्तुरीलाल प्रकरणात तो पुन्हा उभा राहिला. तो निर्णय आपल्या सातारचे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला, आणि विशेष हे की, निर्णय देतानाच त्यांनी विधिमंडळाने हा कायदा सुधारावा असे सुचविले. विधिमंडळाने ते मनावर घेतले नाही. वाट काढली ती न्यायालयांनीच, 1980 नंतर, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा आधार घेऊन. आणि भोपाळच्या वायुकांडानंतर दिल्लीतील दुसऱ्या एका गळतीच्या निमित्ताने 1986 साली न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्व लादले, तेव्हा आपला कायदा इंग्रजी कायद्याच्याही पुढे गेला. ते तत्त्व पुस्तकात जितके तेजस्वी दिसते तितके वसुलीत दिसलेले नाही. भोपाळचा दावा 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर मिटविण्यात आला.

सामान्य वाचकाचा संबंध ज्या शाखेशी हटकून येतो ती मोटार अपघाताची, आणि म्हणून तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे. 1939 च्या कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा करण्याची योजना आणली, 1956 च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण झाली, 1982 साली दोष सिद्ध न करताही मिळणारी ठरावीक रक्कम आली, आणि 1988 च्या कायद्याला 2019 मध्ये मिळालेल्या स्वरूपात आज ती रक्कम मृत्यूस 5 लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख आहे. वाहन पळून गेले तर मृत्यूस 2 लाख, गंभीर दुखापतीस 50 हजार. पळून गेलेल्या वाहनाबाबतचा हा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्या कचेरीत करावयाचा असतो. यापेक्षा अधिक, म्हणजे खऱ्या नुकसानाइतकी, भरपाई मागावयाची तर न्यायाधिकरणापुढे दावा दाखल करावा लागतो, आणि आता त्याला सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली गेली आहे. त्या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो सुटेपर्यंत शहाण्याने मुदत आहे असे धरूनच चालावे.

प्रत्यक्षात गावाकडे काय होते? अपघाताच्या तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी जमतात, गाडीमालक तीस-चाळीस हजार देऊ करतो, मुद्रांकाच्या कागदावर आपसांत मिटल्याचे लिहून घेतले जाते, आणि शेजारधर्म राखल्याचे समाधान उभयतांना मिळते. या व्यवहारात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नाही, ती अशी की विमा चालू असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जावयाचीच नव्हती. शेजाऱ्याची भीड राखण्याच्या नादात विधवेने जिच्याशी तिचा काडीचाही स्नेह नाही अशा विमा कंपनीला सूट दिलेली असते.

ही सूट केवढी असते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तेहेतीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला, महिना 20,000 मिळविणारा आणि मागे बायको, दोन मुले व आई असलेला माणूस घ्या. 2017 च्या प्रणय सेठी निवाड्याप्रमाणे त्याच्या पुढील प्रगतीसाठी 40 टक्के वाढ धरली की उत्पन्न 28,000 होते, वर्षाचे 3,36,000. चार आश्रित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की 2,52,000 राहतात. आणि 2009 च्या सरला वर्मा निवाड्यातील कोष्टकाप्रमाणे 31 ते 35 या वयाला 16 चा गुणक लावला की रक्कम 40,32,000 होते, अंत्यविधी वगैरे ठरावीक बाबी वेगळ्या. आता त्याच माणसाची मिळकत लेखी नसेल, आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने 10,000 धरली, तर हाच आकडा 20,16,000 वर येतो. म्हणजे अर्धे घर अपघाताने गेले आणि उरलेल्यातले अर्धे कागद नसल्याने गेले. दूधसंस्थेची पावती, बाजार समितीतील आडत्याची पट्टी, बँकेचे पासबुक, रोजंदारीची वही ही कागदे जिवंतपणी कोणी जपत नाही, कारण आपल्या शेती-व्यवहाराचा बराच भाग तोंडी आणि विश्वासाचा आहे. संताजी महाराजांनी वह्या जपल्या म्हणून अभंग उरले असे आपण अभिमानाने सांगतो. उत्पन्नाच्या बाबतीत मात्र त्यांची ती शिस्त आपल्या अंगी आलेली नाही.

घरातील स्त्रीच्या मृत्यूचे मोल काय, या प्रश्नाने न्यायालयांना पुष्कळ काळ अडचणीत टाकले. जिचे उत्पन्न शून्य लिहिले जाते तिचा गुणाकारही शून्यच येणार, असा निर्दय तर्क एकेकाळी खरोखर चाले. जमशेदपूरच्या 1989 मधील आगीच्या संदर्भात 2001 साली गृहिणीच्या कामाची महिन्याला 3,000 अशी किंमत धरली गेली, आणि 2021 च्या कीर्ती प्रकरणात तर घरकामाला मोल देणे हे समतेच्या तत्त्वाचाच भाग असल्याचे स्पष्ट झाले. जखमींच्या बाबतीत 2011 च्या राजकुमार प्रकरणाने असाच विवेक शिकविला: डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्केवारी म्हणजे कमाईतील तोटा नव्हे, हात गेलेल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, हात गेलेल्या सुताराचे सर्वस्व जाते.

याच शाखेतील एक काटा मात्र आपल्या मुलखाला विशेष टोचणारा आहे. जत्रेला, दिंडीला, लग्नाला माणसे टेम्पोत, पिकअपमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. दुसरे वाहन नसते किंवा परवडत नाही. 2025 च्या श्रावणात खेड तालुक्यात पाईटच्या बाजूला कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअपमधून निघालेल्या स्त्रियांची गाडी दरीत कोसळली आणि एका गावातील अनेक घरांत एकदम दिवा विझला. त्या प्रकरणाच्या गुणदोषांविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु सर्वसाधारण कायदा असा आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम विमा कंपनीवर येत नाही, हे 2003 च्या आशा राणी निवाड्याने ठरविले. काही निकालांत कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत असे सांगितले गेले, तो केवळ कोर्टाचा दयाभाव आहे. मला आशा राणी निवाडा कलमांच्या अर्थाच्या दृष्टीने बरोबर वाटतो आणि लोकजीवनाच्या दृष्टीने असह्य वाटतो. उपाय संसदेने करावयाचा आहे, किंवा मग एस.टी. महामंडळाने श्रावणात पुरेशा गाड्या सोडावयाच्या आहेत.

या विषयातील विचारसंप्रदाय स्थूलमानाने चार सांगता येतात, आणि येथे मी त्यांचा ओझरता निर्देश करतो, कारण तात्त्विक चर्चा पुढे ग्रंथात आहेच. पहिला दोषवादी: ज्याची चूक त्याने भरावे, स्कॉटलंडात बाटलीत गोगलगाय निघाल्याच्या प्रसिद्ध दाव्याच्या 1932 मधील निकालापासून त्याला आजचे रूप आले, आणि आपल्याकडे 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोशी विरुद्ध गोडबोले या, पालशेतच्या समुद्रकिनारी मांडीचे हाड मोडलेल्या व पुण्यात उपचाराला आणलेल्या तरुणाच्या प्रकरणाने वैद्यकीय कर्तव्याची त्याच पायावर मांडणी केली. दुसरा जोखीमवादी: ज्याच्या उद्योगातून धोका निर्माण होतो, नफा ज्याचा, त्याने दोष असो वा नसो भरावे. तिसरा समाजविम्याचा: न्यूझीलंडने 1974 पासून दाव्याची पद्धतच बव्हंशी बंद करून प्रत्येक अपघातग्रस्ताला सार्वजनिक निधीतून देण्याची व्यवस्था केली. चौथा अर्थशास्त्रीय, गिडो कॅलाब्रेसी यांनी 1970 च्या सुमारास मांडलेला: जो सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकला असता, भार त्याच्यावर टाका, म्हणजे तो टाळण्याची त्याला बुद्धी होईल. हा चौथा विचार थंड रक्ताचा वाटतो खरा. पण कायदा आणि सुरक्षितता यांना जोडणारा पूल तोच आहे, असे मला दिवसेंदिवस अधिकाधिक वाटू लागले आहे.

कारण सुरक्षाशास्त्रही त्याच दिशेने गेले आहे. पूर्वी अपघाताचे खापर माणसाच्या निष्काळजीपणावर फोडून भिंतीवर सुविचार लिहिले जात. अमेरिकेत विल्यम हॅडन यांनी अपघाताचे पूर्व, प्रत्यक्ष आणि उत्तर असे टप्पे पाडून माणूस, वाहन व परिसर या तिन्हींची झडती घेण्याची पद्धत घातली, आणि 1997 साली स्वीडनने असे धोरण पत्करले की माणूस चुकणारच, रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मृत्यू नसावी. याचा दाखला आपल्या दाराशी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसे मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि इतर संस्थांनी एकेका अपघाताची जागा तपासून उघडे कठडे, काँक्रीटचे कोपरे, चुकीच्या जागी संपणारे अडथळे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले, आणि पुढील वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. त्या काळात चालकांच्या स्वभावात क्रांती झाली असे कोणी म्हणणार नाही. देशभरात मात्र 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली.

आता प्रस्तुत काळाकडे वळू. 15 जून 2025 रोजी, रविवारी दुपारी, इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. सुदुंबऱ्यापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे म्हणावयास हरकत नाही, आणि मदतीला आपत्ती दलाचे जवान पाण्यात उतरले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. दुर्घटनेनंतर मृतांच्या नातलगांना प्रत्येकी 5 लाखांची मदत जाहीर झाली, आणि राज्यभरच्या पुलांच्या तपासणीचे हुकूम सुटले. वरातीमागून घोडे निघाले, पण निघाले. या प्रसंगात या ग्रंथाचे सारे प्रश्न एकवटलेले आहेत. फलक लावला की पुलाच्या धन्याची जबाबदारी संपते काय? पर्यटकाने फलक ओलांडला हा त्याचा सहभागी दोष धरला तरी तो किती टक्के? आणि जाहीर झालेले 5 लाख हे हक्काचा निवाडा आहेत, की हक्काची मागणी होऊ नये म्हणून घाईने टाकलेले पांघरूण?

तातडीच्या मदतीचे मोल मी कमी लेखत नाही. शेतकऱ्यांसाठी 2015 पासून चाललेली गोपीनाथ मुंडे अपघात विमा योजना 2023 मध्ये सानुग्रह अनुदानात बदलण्यात आली, ती विमा कंपन्यांच्या त्रुटी काढण्याला कंटाळूनच. कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर 2 लाख थेट कृषी विभागाच्या मार्गाने मिळणे हे कधीही न मिळणाऱ्या विम्यापेक्षा बरे. शिवाय 2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील सानुग्रह साहाय्याची तरतूद करणे सरकारच्या मर्जीवर नाही, ते कर्तव्य आहे. म्हणजे अनुग्रहालाही आता अधिकाराचे कपडे चढले आहेत. तरीसुद्धा दोहोंत एक फरक उरतो. अनुग्रहाची रक्कम ठरावीक असते आणि ती देताना चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. दाव्याची रक्कम नुकसान मोजून ठरते आणि चूक कोणाची हे दप्तरी नोंदले जाते. ज्या समाजात दुसरी नोंद होत नाही, तेथे पुढच्यास ठेच लागून मागचा शहाणा होत नाही. मागचाही त्याच दगडावर आदळतो.

कायद्याचे चित्रही नेमके याच वर्षांत हलते आहे. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला तो माणूस 2003 साली वाटेत मेला होता, आणि घर ते कामाची जागा हा प्रवासही, काळ-वेळ-स्थळाचा संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघात मोडतो हे ठरावयास बावीस वर्षे लागली. चाकणच्या रात्रपाळीला दुचाकीवरून जाणाऱ्या हजारो तरुणांचे भवितव्य त्या निकालात आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांनी व उघड्या मॅनहोलनी झालेल्या मृत्यूंना 6 लाख भरपाई देण्याचे आदेश स्थानिक स्वराज्य संस्थांना दिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात येऊन 1923 च्या कायद्याचा आशय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस चौकशीचा ससेमिरा लागू नये अशी 2016 च्या निवाड्याने व 2019 च्या दुरुस्तीने व्यवस्था केली. तरी रस्त्यावर पडलेल्याभोवती जमणारी गर्दी अजून हात लावावयास भिते.

आणखी एक भ्रम येथे दूर व्हावा. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या अपघाताने सारे पुणे खवळून उठले, ते शिक्षेच्या प्रश्नावर. आणि तो क्षोभ सर्वथा रास्त होता. परंतु फौजदारी खटला हा सरकारचा आणि आरोपीचा, त्यात वारसांच्या पदरी क्वचितच काही पडते. भरपाईचा दावा हा वेगळा, त्याला लागणारा पुरावाही हलका, आणि चालक निर्दोष सुटला तरी तो दावा बुडत नाही. लोकांचे लक्ष पहिल्यावर खिळते आणि दुसरा गुपचूप मुदतबाह्य होतो.

प्रस्तुत ग्रंथाची भूमिका या पार्श्वभूमीवर समजावून घ्यावी. तो वकिलांसाठी लिहिलेला नाही, तरी वडगाव मावळ किंवा शिवाजीनगरच्या न्यायालयात नवीन सनद घेऊन उभा राहणारा तरुण तो चाळील तर त्याचे नुकसान होणार नाही. सुरक्षितता आणि भरपाई हे दोन विषय आपल्याकडे वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या पुस्तकांत राहतात. लेखकांनी ते एकाच नजरेने पाहिले आहेत, आणि प्रत्येक इजेबद्दल दोन प्रश्न जोडीने विचारले आहेत: ही टाळणे कोणाच्या हाती होते, आणि आता ती कोणी भरून द्यावी. मळणी यंत्राच्या विवेचनात 1983 च्या धोकादायक यंत्र कायद्याची, विजेच्या तारेच्या विवेचनात 2002 च्या शैलकुमारी निवाड्यातील वीज मंडळाच्या कडक दायित्वाची, आणि लोकलमधून पडणे व रूळ ओलांडताना सापडणे यांतील कायदेशीर भेदाची जी सांगड त्यांनी घातली आहे, ती मला मराठीत यापूर्वी वाचल्याचे स्मरत नाही.

लेखकांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे, आणि प्रस्तावनाकाराने तो लपविणे सभ्यपणाचे नव्हे. लोकअदालतीतील तडजोडीचा त्यांनी जेवढा पुरस्कार केला आहे तेवढा मी करणार नाही. लवकर मिळालेले थोडे हे उशिरा मिळणाऱ्या पुष्कळापेक्षा बरे, हा त्यांचा युक्तिवाद गरजवंताच्या बाजूने खरा आहे. परंतु कंपनीला विलंब हेच शस्त्र आहे हे कळले की थोड्याचे आणखी थोडे होऊ लागते, आणि तडजोडीच्या हुकूमनाम्यात चूक कोणाची ही नोंद तर कोठेच होत नाही. वैद्यकीय हयगयीचे प्रकरण त्यांनी जाणून आखूड ठेवले आहे, ते मात्र योग्य केले. 1995 नंतर ग्राहक न्यायालयांत त्या विषयाचा एवढा विस्तार झाला आहे की त्याला स्वतंत्र ग्रंथच हवा.

वाचकांना एक व्यवहारी सूचना करून ठेवतो. परिशिष्टातील गुणकाचे कोष्टक स्थिर आहे, परंतु प्रणय सेठी निवाड्यातील ठरावीक बाबींच्या रकमा, म्हणजे मूळच्या 15,000, 40,000 आणि 15,000, दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढावयाच्या आहेत. शिवाय पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणातील रक्कम आणि किमान वेतनाचे दरही बदलत राहतात. तेव्हा दावा दाखल करण्यापूर्वी ते आकडे वकिलाकडून ताजे करून घ्यावेत, आणि या प्रतीच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवावेत, म्हणजे पुस्तक शेजारच्या घरी मागितले गेले तरी उपयोगी पडेल.

सुदुंबरे, ता. मावळ, जि. पुणे